कूलरसमोरचं भांडं

रायपूरजवळ अभनपूरकडे धानावर मारतात ते कीटकनाशक महानदीतून वाहत समुद्रात गेलं, तर ज्यांना मारायचंच नव्हतं अशा कोळंबीसारख्या जिवांचं काय होतं, हा माझा एमएस्सीचा प्रकल्प होता. राज्य नवं, रायपूर नवी राजधानी. पण समुद्र कुठून आणणार? कोळंबीसारख्याच एका जिवाची, डब्यात विकत मिळणारी तपकिरी भुकटीसारखी अंडी मिठाच्या पाण्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं पोहू लागायची.

औषधाच्या भांड्यांतली मरणारच होती. पण नुसत्या मिठाच्या पाण्यातलीही मरू लागली. ती जगली नाहीत तर बाकीच्यांच्या मरण्याला काही अर्थ नाही, असा प्रकल्प मी पुढे पाठवणार नाही, असं माझ्या गाइड सरांनी सांगून टाकलं.

शेजारच्या टेबलावर एक सीनियर दीदी काम करायची. न विचारता माझा ड्रॉपर उचलायची. मी कमी बोलायचे, पण बघत असायचे. ती सुट्टीवर गेली आणि पिल्लं जगली. ती परत आली तेव्हा मी ड्रॉपर पर्समध्ये ठेवायला लागले होते.

"तू मले काय समजून राहिली?" एरवी हिंदीत बोलणारी दीदी मराठीत म्हणाली. "तुझे किडे मारून मले काय भेटणार?"

मी हळूच सॉरी म्हटलं. ड्रॉपर पर्समध्येच राहिला.

ती समोर असूनही पिल्लं आणखी काही दिवस जगली. मग खोलीतल्या कूलरची, दीदी सुट्टीवर गेली तेव्हाच जळालेली मोटर दुरुस्त होऊन आली. त्या दिवशी दीदी लायब्ररीत होती आणि संध्याकाळपर्यंत पिल्लं तळाशी. मी कूलरची जाळी काढली. टाकीतल्या पाण्यावर तेलकट तवंग. नगर निगमवाले सगळ्या कूलरांत डासांचं औषध टाकून जातात, असं शिपाईभैयाने सांगितलं. विषापासून लांब म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्याचं भांडं मी उघडंच, नेमकं कूलरसमोर ठेवलं होतं.

कूलर बंद ठेवून मी घामाघूम होत प्रयोग पुन्हा केला. पिल्लं जगली, सरांनी सही केली. दीदीने मात्र तिच्या बाटल्या माझ्यापासून दूर सरकवल्या होत्या, झाकणं घट्ट लावून.

घरी जेवताना मी उठून कूलर बंद केला.

"काहून बंद केला वं?" बाबांनी विचारलं. घरच्या कूलरच्या टाकीत डासांचं औषध बाबाच टाकायचे.

"आवाज होतो," मी म्हटलं.