आकडे खरवडणारे काका

"टाइम तर मोबाइल बी सांगतो. घड्याळानं तुमचं सांगावं." एवढं बोलून मुरुमच्या बाजारातले घड्याळवाले काका तुमचं घड्याळ कानाला लावत, आणि काट्यांकडं न बघता एका डोळ्यावरच्या भिंगातून तुमच्याच तोंडाकडं बघत बसत.

जुनी चावीची घड्याळं ते चालू करून देत, पण त्यांचा खरा जीव डायलवर. आधीचे आकडे खरवडायचे आणि तिथं चित्रं काढायची. ब्रशासाठी दुकानामागं एक शेळी बांधलेली असे. तिच्या कानातला एकेक केस ते उपटत. काका येताना दिसले की शेळी तोंड फिरवून उभी राही.

गिऱ्हाइकाला काय हवं, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. ऊसतोडीच्या एका मुकादमानं डायलवर सिंह मागितला. आठ दिवसांनी घड्याळात त्याच्याच दारातलं कुत्रं निघालं, पाय पसरून झोपलेलं. मुकादम तापला.

"सिंव्ह कधी बघितलाय का?" काकांनी विचारलं.

"न्हाय."

"मग बरा आलाय का न्हाय, हे कसं वळखणार?"

मुकादम कुत्रं मनगटाला बांधून गेला.

माझे वडील, अण्णा, अडत दुकानात हमाल होते. पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. स्वतः शाळेची पायरी चढले नाहीत. आई गेल्यावर ते मुरुमला एकटे आणि मी नोकरीसाठी धाराशिवला. डॉक्टरांनी तीन वेळच्या तीन गोळ्या दिल्या. अण्णांनी त्या उलटसुलट घेतल्या आणि चक्कर येऊन पडले. मी त्यांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन काकांकडे गेलो.

काकांनी सकाळच्या सातच्या जागी पांढरी गोळी काढली, दुपारच्या एकला पिवळी, रात्रीच्या नऊला गुलाबी. लहान काटा जिच्यावर येईल ती गोळी घ्यायची. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या महिन्यात औषधाच्या दुकानातून रात्रीची तीच गोळी दुसऱ्या कंपनीची आली. ती निघाली निळी. अण्णांनी दोन दिवस तिला हात लावला नाही.

"घड्याळात गुलाबी हाय," ते फोनवर म्हणाले. "ही दुसऱ्या कुणाची तरी आली असंल. आपण कशाला घ्यावी?"

आता तुम्हीच सांगा, इतक्या प्रामाणिक माणसाला काय समजावणार? काकांनी डायलवरची गोळी निळी केली. महिनाभरात दुकानातली पुन्हा गुलाबी झाली.

तेव्हा काका स्वतः घरी आले आणि सकाळपासून रात्रीपर्यंत अण्णांसमोर बसून राहिले. अण्णा वैतागले. "माझ्याकडं असं काय बघायलाव?"

"तुम्ही तुमचं करा. मी माझं करायलोय."

रात्री त्यांनी मला फोन केला. "चूक माझीच रे. गोळी रंगवत बसलो. दुकानातला रंग बदलतो, माणसाची भूक बदलत न्हाय."

नव्या डायलवर सातला भाकरी होती, एकला लिंबाखालची बाज आणि नऊला चष्मा लावलेलं मोहरीएवढं डोकं. नऊला मी फोन करतो. हीच चित्रं त्यांनी तीन डब्यांवरही काढली. आता औषधवाल्यानं त्यांत हव्या त्या रंगाची गोळी भरावी.

"काका, माझे कान एवढे मोठे आहेत का?"

"तुझ्या बापानं सांगितलं तसे काढलेत."

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. मी फोन लावला की अण्णा पहिलं वाक्य हेच म्हणत, "आलास बघ घड्याळात. घेतली गोळी."

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी अण्णांना चौथी गोळी वाढवली, दुपारी चारची. मी धास्तावून मुरुमला गेलो. आता चित्र कोण काढणार?

अण्णांनी ते काढून ठेवलं होतं. पोती शिवायच्या दाभणानं घड्याळाच्या प्लास्टिकच्या काचेवर, चारच्या जागी, एक वेडावाकडा माणूस ओरखडला होता. त्याचा एक डोळा बारीक आणि दुसरा भिंग लावल्यासारखा मोठा. चौथ्या डबीवरही तोच.

"चारला चहाला यायचे ते," अण्णा म्हणाले, आणि डबी मांडीवर घेऊन काटा तिथं पोचायची वाट बघत बसले.