दोन रग्ब्या आणि पडायची पद्धत

बुटातून बिअर प्यायची. तीही आपल्याच बुटातून, मॅच संपल्या संपल्या, आतला घाम अजून कोमट असताना. ज्या क्लबात ही पद्धत आहे तिथे मी एक सीझन काढला, आणि तिथेच मला सतत ऐकवायचे की आमचा खेळ सभ्य लोकांचा आहे.

आधी थोडं सांगते, कारण इंग्लंडमध्ये रग्बी एक नाही, दोन आहेत, हे मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. एक लीग, ती उत्तरेकडची. दुसरी युनियन, ती दक्षिणेत जास्त. चेंडू तोच अंड्यासारखा, चिखल तोच, आणि दोघांना एकमेकांची शिसारी.

मी सातवीपर्यंत कराडला होते, शाळेच्या कबड्डी टीममध्ये. मग आईला यॉर्कशरमधल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. ती भूल देणारी डॉक्टर आहे. आम्ही दोघी अशा गावात येऊन पडलो जिथे एक चर्च, एक तळलेल्या बटाट्याच्या जाड चिप्सचं दुकान आणि एक लीगचं मैदान, बास. मैदानावर पहिल्यांदा गेले आणि पोरींनी मला आडवं केलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर पकड! जमलंच मला.

आता एकच नियम समजून घ्या, बाकीचे विसरलात तरी चालेल. लीगमध्ये तुम्हाला पाडलं की तुम्ही आपले आपण उठायचं, चेंडू खाली ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. मागे आपली एक जण उभी असते, ती उचलते, खेळ पुढे. सोडवायला कोणी येत नाही. युनियनमध्ये उलटं. पडलात की पडून राहायचं, हात लांब करून चेंडू आपल्या बाजूला ठेवायचा, आणि आपल्या पोरी धावत येतील, ढकलाढकली करून तो सोडवतील, याची वाट बघायची.

लीगच्या टीमची कॅप्टन माझ्याच वर्गातली. चिप्सचं दुकान तिच्या आईचं, म्हणून मी तिला चिपवाली म्हणते. मला नकला करायची खोड आहे, आणि त्यामुळे कान बिघडलाय: चिपवालीचं इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून कराडच्या मंडईतलं ऐकू येतं. "काय गं ए, जेवून आली न्हाईस व्हय? पळ की जरा!" असं. त्याला माझा इलाज नाही. तिच्या दुकानात चिप्सवर एक पिवळा चिकट रस ओततात, त्याला करी म्हणतात. आईने एकदा चाखला आणि म्हणाली, "यात जेवढी हळद आहे तेवढी तर माझ्या नखात असते."

आणि एक बॅग होती. मॅच झाली की सगळ्यांच्या जर्सी एका मोठ्या निळ्या बॅगेत कोंबायच्या आणि पाळीपाळीने एकेकीने घरी नेऊन धुवायच्या. चिखल, रक्त, दुखऱ्या गुडघ्याचं मलम, कोणाची तरी ओकारी. आमच्या घरी बॅग आली की आई नाकाला पदर लावल्यासारखा ड्रेसिंग गाऊन लावायची. "आधी बघ, आत कोणी मेलंय का!" एखादीच मॅच खेळायला बाहेरून आलेल्या पोरीला मात्र बॅग कधी द्यायचे नाहीत. बॅग म्हणजे तू आमची.

मग मला दक्षिणेत, स्लाऊला नोकरी लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंग. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना गोड भाषेत कळवायच्या. जवळपास लीगची टीम नव्हती, म्हणून मी युनियनच्या क्लबात गेले. निघताना चिपवालीला म्हटलं, "लीग उन्हाळ्यात असते, युनियन हिवाळ्यात. उन्हाळ्यात येणार मी. माझी जागा ठेव."

ती चिप्स गुंडाळत म्हणाली, "जागा काय थेटरातली हाय व्हय, रुमाल टाकून ठेवाया?"

मला दुसरं काही नको होतं. ती जागा हवी होती.

युनियनच्या क्लबात सगळं चकाचक. धुतलेल्या जर्सी घडी करून खुर्चीवर ठेवलेल्या असायच्या. कोण धुतं, विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं, आणि कोणाला ते माहीत नाही याचं काही वाटतही नव्हतं. तिथली कॅप्टनबाई उंच, घोड्यावर बसून मोठी झालेली. तिचं इंग्रजी मला पेठेतल्या काकूंसारखं ऐकू यायचं.

पहिल्याच मॅचमध्ये, अगदी शेवटी, आम्ही थोडक्यात पुढे असताना मला पाडलं. मी काय केलं? सवयीने टुणकन उठले, चेंडू ठेवला आणि पायाने मागे सरकवला. मागे कोणीच नव्हतं. रेफरीने शिट्टी मारली, समोरच्यांना पेनल्टी मिळाली, मॅच गेली.

"अगंऽऽ, पडून राहायचं असतं गं!" कॅप्टनबाई म्हणाली. "किती गोड! यांच्याकडे असंच असतं बरं का, उठून लाथ मारतात." आणि मला बुटातून प्यायला लावलं. चव सांगत नाही. तुम्ही कदाचित जेवत असाल.

मग मी पडून राहायला शिकले. वर्षभर. तोंड चिखलात, मानेवर कोणाचा तरी गुडघा, डोळ्यासमोर कोणीतरी थुंकलेलं दातांवरचं गमशिल्ड, त्याला लाळेची तार. हात लांब करून वाट बघायची. आणि येतात हो, खरंच धावत येतात. ते मात्र मला आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच पोरी नंतर क्लबहाऊसमध्ये बसून लीगवाल्यांबद्दल बोलायच्या. "ते चिप्स खाऊन खेळतात ना?" "त्यांना नियम वाचता येतात का गं?" मी समोर बसलेली. मला वगळून बोलायच्या, वर म्हणायच्या, "तू वेगळी आहेस." या वाक्याचा मला बुटातल्या बिअरपेक्षा जास्त वीट आलाय.

सीझन संपल्याचं जेवण होतं. टेबलावर पांढरी कापडं, भिंतीवर मेलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो. कोचने मला आधीच सांगितलं होतं की पुढच्या वर्षी पहिल्या टीममध्ये तू नक्की, पण करार उन्हाळ्याचाही असेल, लीग बंद. सोमवारपर्यंत कळव. आणि त्याच आठवड्यात चिपवालीचा मेसेज आला होता: रविवारी कपची सेमीफायनल, आमच्या दोघी जखमी आहेत, येतीस तर ये. जागा ठेवलीय असं तिने म्हटलं नव्हतं. दोघी जखमी आहेत, एवढंच.

जेवणानंतर कॅप्टनबाई चमचा वाजवत उभी राहिली. "आता आपली नकलाकार तिच्या गावच्या कॅप्टनची नक्कल करणार! ती चिप्सवाली!"

मी म्हटलं, "नाही करत."

"अगं, कर ना! कोण ऐकतंय इथे?"

"म्हणूनच नाही करत."

"बरं, मीच करते." आणि तिने केली. चिपवालीला ती जन्मात भेटली नव्हती, माझ्याकडून नुसतं ऐकलं होतं. ओठ लोंबवले, पोट पुढे काढलं, जर्सीला नाक पुसल्यासारखं केलं. लोक टेबलं बडवायला लागले. एकीच्या तोंडातली वाईन नाकातून आली आणि ती नॅपकिनने टिपून तीच पुन्हा प्यायली. मला रागापेक्षा किळस आली. नक्कल करायला माणूस आधी नीट बघावा लागतो, थोडा तरी आवडावा लागतो. हिने काहीच बघितलं नव्हतं. शिळं, उष्टं काहीतरी चघळून थुंकलं होतं.

म्हणून मी उठले आणि तिची केली. कॅप्टनबाईची. मान मागे, डोळे अर्धे मिटलेले, समोरच्याशी बोलताना त्याच्या डोक्यावरून पलीकडे कोण महत्त्वाचं दिसतंय ते बघणं. "अय्या, किती गोड! तुमच्याकडे जमीन असते का खेळायला?" हुबेहूब. वर्षभर अभ्यास होता माझा.

कोणी टेबल बडवलं नाही. एक वेटर तेवढा खोकला, आणि तो खोकला नव्हता.

"तुझ्यात टीम स्पिरिट नाही," कॅप्टनबाई म्हणाली. पण जाताना हळूच, "सोमवारपर्यंत कळव हं." मी त्यांना हवीच होते. हवी होते आणि आवडत नव्हते.

रविवारी उत्तरेला गेले. वाटलं होतं घरी आल्यासारखं वाटेल. कसलं काय! चेंजिंग रूममध्ये माझ्या जागेवर एक नाजूक कप-बशी ठेवलेली, वर बिस्कीट. "राणीसाहेब आल्या," एक जण म्हणाली. मी काही बोलायला गेले तर चिपवालीने माझीच नक्कल केली, माझ्या नव्या, स्लाऊच्या, लांबट आवाजात. "ऑ, अ‍ॅक्चुअली..." सगळ्या खिदळल्या. नक्कल चांगली होती. म्हणून जास्त लागली. ह्या पण तसल्याच, असं वाटलं, आणि बूट बांधताना मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता. आई कुंपणापाशी गाडीत बसून होती, काच वर.

मॅच सुरू झाली. मला पाडलं. आणि मी पडून राहिले. हात लांब केला, चेंडू ठेवला, वाट बघायला लागले. कोणी येईना. समोरच्या पोरी माझ्यावरून उठून मागे गेल्या आणि मला बघत उभ्या राहिल्या. रेफरी म्हणाला, "उठ गं बाई, झोपायला आलीस?" अख्खं मैदान हसलं.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. या वेळी रेफरी हसला नाही. चेंडू समोरच्यांना दिला आणि त्यांनी लगेच गुण केले. चिपवाली माझ्याजवळून गेली. जाता जाता बाजूला थुंकली.

तिसऱ्यांदा पडले तेव्हा हात आपोआप लांब व्हायला लागला. तोंडात माती होती. मागे बघितलं तर चिपवाली उभी, कमरेवर हात, घामाचा आंबूस वास माझ्यापर्यंत येत होता.

"उठ," ती म्हणाली. "हितं कोण यायचं न्हाई. मी हाय न्हवं मागं, उठ."

उठले. चेंडू ठेवला, पायाने सरकवला. तिने उचलला आणि पळाली. त्यानंतर मी किती वेळा पडले आणि किती वेळा उठले, मोजलं नाही. आम्ही हरलो. माझ्या त्या दुसऱ्या पडण्यामुळेच हरलो, असं म्हटलं तरी चालेल, आणि चेंजिंग रूममध्ये दोघी-तिघींनी तसं म्हटलंही. मी मान खाली घालून मोजे काढत होते. म्हटलं, गेली जागा.

तेवढ्यात पायावर काहीतरी जड, ओलं येऊन आदळलं. निळी बॅग.

"पुढच्या रविवारी आण," चिपवाली म्हणाली. "आनि मागच्या टायमाला डाग तसंच ठेवलं व्हतंस, ध्येनात हाय माझ्या."

घरी आईने बॅगेची चेन उघडली आणि दोन पावलं मागे सरकली. "शी! काय गं हे! अगं, यात पिवळं काय आहे?"

"करी. चिप्सवरची."

"जर्सीवर?"

"कोणीतरी ओकलंय, आई."

"आणि तुला हसू येतंय?" आईने हातात ऑपरेशनचे ग्लोव्हज चढवले. "त्या दुसऱ्या क्लबात कपडे धुऊन मिळायचे ना? त्यांना काय कळवलंस?"

"कळवते उद्या."

"काय?"

मी बॅगेत हात घातला. आत सगळं गार, बुळबुळीत आणि जिवंत असल्यासारखं होतं. "थांब," म्हटलं, "आधी हे मशीनमध्ये टाकते."