मास्तरांची बारा जॅकेटं

मास्तर टाचण्या ओठांत धरून बोलत. खडू कानामागे खोचत आणि दिवसभर तोच शोधत. कात्री कुणाच्या हातात देत नसत, बायकोच्याही नाही. माणसांचे चेहरे विसरत, खांदे लक्षात ठेवत. "डावा खांदा उतरलेला ना? तो मघाशीच येऊन गेला," असं सांगत. चहा मशीनवर ठेवत नसत. खिडकीत ठेवत, आणि तिथे तो गार होई.

गेल्या मंगळवारी सकाळी ते गेले. छावणीच्या शिवणखोलीत त्यांची खुर्ची अजून तशीच टेबलापाशी ओढलेली आहे.

त्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं गणवेश शिवले. त्याआधी त्यांचे वडील शिवत. वडिलांच्या काळी कोट लाल, जाड लोकरीचा, गळ्यापर्यंत बंद. पितळी बटणं घासता घासता शिपायांचा जीव मेटाकुटीला येई. मग कॉलर उतरली, चार खिसे आले, रंग मातकट झाला. पुढे कापड हलकं झालं आणि शेवटी अंगभर हिरवे-तपकिरी डाग आले.

"बाबा शिपाई लांबून दिसावा म्हणून शिवायचे," मास्तर म्हणत. "मी तो दिसू नये म्हणून शिवतो. एवढीच काय ती घराण्याची प्रगती!"

मग यंदा छावणीत पहिल्यांदाच बारा मुली भरती झाल्या. वार्षिक संचलनासाठी त्यांना जॅकेटं हवी होती. मास्तरांची पंचाईत झाली. त्यांनी जन्मभर फक्त पुरुषांची मापं घेतली होती. ते लाजले. घरून बायकोला बोलावलं, तिच्या हातात आपली टेप दिली आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

ती टेप जुनी होती. टोक झिजलं म्हणून त्यांनी पहिला इंच कापून टाकला होता. त्यामुळे वाचलेल्या मापातून ते नेहमी एक वजा करत. बायकोला हे ठाऊक होतं. तिने प्रत्येक माप एक वजा करूनच वहीत उतरवलं. मास्तरांनी वही उघडली आणि सवयीने पुन्हा एक वजा केला.

संचलनाला तीन दिवस उरले असताना मुलींनी जॅकेटं चढवली. बटणं लागेनात. बाह्या मनगटाच्या वर चढल्या. सगळ्यांत उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणत, ती आरशासमोर म्हणाली, "मास्तर, हे माझ्या धाकट्या भावाचं आलं का?"

कर्नलसाहेब दारातून पाहत होते. मुलींना संचलनात घेणं त्यांना मुळातच पसंत नव्हतं. "परवा संध्याकाळपर्यंत नीट बसली तर चालतील," ते म्हणाले. "नाहीतर बाराही जणी प्रेक्षकांत बसतील."

कर्नलसाहेब गेल्यावर मास्तरांनी मापांची वही उघडून बायकोपुढे धरली.

"अगं, तू एक वजा केलास?"

"अहो, मग? तुमच्याशी संसार केलाय. टेप कशी आहे ते मला माहीत नसणार?"

"मीही केला."

बायकोने पदर खोचला. "रडताय काय? उसवायला घ्या."

मास्तर शिवणीच्या आत बोटभर कापड नेहमी राखून ठेवत. तेच आता कामी येणार होतं. मुलींनी जमिनीवर बसून टाके उसवले. त्यांचं उसवणं पाहून मास्तर म्हणत, "पोरींनो, हळू! कापड आहे, शत्रू नाही." बायको इस्त्री फिरवून जुन्या टाक्यांच्या खुणा पुसत होती. मास्तर पुन्हा शिवत होते. त्या दोन दिवसांत त्यांनी कात्रीही बायकोला दिली. दोनदा.

ठरलेल्या संध्याकाळी कर्नलसाहेबांनी बारा जणींना रांगेत उभं केलं. एकेकीच्या बाह्या पाहिल्या. "बसली की," ते म्हणाले.

"बसली नाहीत साहेब," मास्तर म्हणाले. "बसवली."

बारा जणी संचलनात चालल्या. बायकोने कुंपणाला धरून डोळे पुसले. मास्तरांचे डोळे कोरडे होते. ते पाठींकडे पाहत होते. हात पुढे गेला की प्रत्येकीचं जॅकेट कमरेवरून वर सरकत होतं.

"झालं ना सगळं नीट?" बायकोने विचारलं.

"कुठलं? पुरुषांचाच बेत लहान करून दिला मी त्यांना. यांच्या अंगाचा बेत कुणी काढलाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपकिरी कागद घेऊन बेत, म्हणजे कापड कापायचे कागदी नमुने, कापायला सुरुवात केली. प्रत्येकीचा वेगळा. आता माप घेताना ते दाराबाहेर जात नव्हते. "हात पुढे टाक. चाल. अजून चाल," म्हणत टेप घेऊन मुलींच्या मागे मागे खोलीभर फिरत.

अकरा बेत पूर्ण झाले. ते भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले आहेत. बारावा शिडीचा. तो टेबलावर आहे. पुढचे दोन्ही भाग कापलेत. पाठ खडूने आखलीय. बाहीच्या कागदावर फक्त तिचं माप लिहिलंय, आणि एकही रेघ नाही.