मोरीमागचं अंजीर

माझे सासरे, आबा, कुठलंही फळ हातात आलं की आधी अंगठ्यानं दाबून बघत आणि विचारत, "टेम्पोत टिकंल का?" पाहुण्यांनी आणलेल्या केळ्यांबद्दलही त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. निमगाव केतकीत त्यांची डाळिंबाची बाग होती. चांगलं फळ क्रेटमध्ये आणि तडकलेलं घरात, हा आमच्या घरचा कायदा होता. लग्न होऊन मी बारामतीहून आले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यापुढं डाळिंब सोलून ठेवलं. तेही तडकलेलं, काळे दाणे वेचून काढलेलं. "चांगलं बाजारात जातं बाई," त्या म्हणाल्या. बाजाराची एवढी सरबराई! आमच्या माहेरी जावयाचीसुद्धा कुणी एवढी केली नव्हती.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी मी हट्टालाच पेटले. मोरीमागच्या जागेत मी झाडं लावणार आणि त्यांची एक नंबरची फळं घरातली माणसं खाणार. म्हणून मुद्दाम टेम्पोत न टिकणारी फळं निवडली. अंजिराची दोन रोपं आणि स्ट्रॉबेरीचा एक वाफा.

"मऊ फळ म्हंजी डोक्याला ताप. त्यापरीस डाळिंबाची दोन रोपं लाव," आबा म्हणाले. मी ऐकेना, तेव्हा त्यांनीच कुदळ उचलली. खड्डे घेतले, उन्हात तापू दिले, शेणखत भरलं. "मुळ्या दुमडू नगंस, पसरून बसव," असं म्हणत रोपं लेकरासारखी धरली. त्या कामात नाव ठेवायला जागा नव्हती. माझी तक्रार पुढची आहे.

डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडून ताण देतात. पानं गळली की पाणी सोडतात, मग झाड फुलतं. मी आठ दिवस लोणी भापकरला बहिणीकडं गेले आणि इकडं आबांनी स्ट्रॉबेरीला ताण दिला! परत येऊन बघते तर वाफ्यात नुसता चहाच्या पत्तीसारखा चुरा.

"आबा, अहो, ती स्ट्रॉबेरी होती!"

"आसंना. ताण दिल्याबिगर कुठलं झाड फुलतंय? आता पाणी सोड, बघ कशी उसळतीया."

मी पंधरा दिवस पाणी सोडलं. उसळली ती फक्त हरळी.

अंजिरं मात्र जगली. तिसऱ्या वर्षी फळं धरली, तेव्हा पाखरांच्या भीतीनं मी एकेका फळाला जुन्या साडीची चिंधी बांधली. आणखी दोन दिवसांनी, रविवारी, सगळ्यांनी मिळून खायची असं घरात सांगून ठेवलं. शनिवारी शाळेत शिकवून परत आले, तर झाडं रिकामी. चिंध्या नीट घड्या घालून कट्ट्यावर ठेवलेल्या. आबा हरखून दारातच उभे होते.

"जरा कच्ची व्हती तवाच तोडली, म्हणून टिकली. आडत्या म्हणला, आबा, पयल्या नंबरचा माल हाय!"

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबा खरोखरच गोंधळले. "आगं, चांगली व्हती म्हणून तर धाडली," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन संतापानं रडले. दणादण कणीक तिंबली आणि भाकरीच्या घरात त्या रात्री पोळ्या झाल्या.

पुढच्या हंगामाआधी आबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, ते खाटेला खिळले. त्या वर्षी अंजिरं झाडावरच पिकली. इतकी मऊ, की तोडताना बोटांत फुटत होती. त्यातलं सगळ्यात चांगलं मी ताटलीत घेऊन आबांपुढं धरलं. ते म्हणाले, "पोरांना दे." मुलांनी पोटभर खाल्लीत, असं सांगून मी ते त्यांच्या तोंडात घातलं.

बराच वेळ ते नुसतं घोळवत राहिले. मला वाटलं, आता गोड आहे म्हणतील. डोळे भरून आले त्यांचे.

"तुझ्या सासूला मी कदी एक धड फळ दिलं न्हाय गं," ते म्हणाले.

महिनाभरात आबा गेले. सासूबाईंबद्दलचं ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची मी कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. ऐकलं, आणि माझा राग निवायच्या ऐवजी भडकला. कारण ते मला सांगून काय उपयोग होता?