बाटलीत बसलेली माती

सातवीत असताना मी घरातली एक काचेची बाटली बळकावली आणि आमच्या शेतातला चिखल तिच्यात भरून वर विहिरीचं पाणी ओतलं. बूच लावून ती खळखळून हलवली आणि जनेलात, म्हणजे खिडकीत, ठेवून दिली. दुपारभर तिच्यासमोर हनुवटी टेकून बसले. आत तांबूस ढग फिरत होते. एकेक ढग खाली यायचा, थबकायचा, पुन्हा थोडा वर जायचा. बघता बघता मला गुंगी यायची. बाटलीत कुठलं तरी गाव आहे, तिथं सदाची संध्याकाळ आहे, असं वाटायचं.

गोवा राज्य झालं त्या सुमाराची ही गोष्ट. दुकानाच्या ओट्यावर माणसं कोंकणी की मराठी यावर हमरीतुमरीवर येत, आणि आई म्हणायची, खायला भात तर एकच ना. आमचं शेत डिचोलीकडे, खाणीच्या उताराखाली. आदल्या पावसात वरचा मातीचा ढीग फुटला आणि लाल गाळ शेतभर पसरला. बाबा त्याच खाणीवर ट्रक चालवायचे, त्यामुळे ते या विषयावर बोलत नसत. शेत आईच्या अंगावर होतं. गणेश चवथीला दारावर बांधायची नव्या भाताची कणसं आपल्याच शेतातली हवीत, हा तिचा हट्ट. या वर्षी ती मिळतील की नाही, एवढीच तिला काळजी.

आमच्या विज्ञानाच्या बाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी शिकवलं होतं, मीठ पाण्यात विरघळलं तरी मीठच राहतं, पाणी आटलं की परत मिळतं. तो भौतिक बदल. कागद जळला की त्याचा कागद पुन्हा होत नाही; तो रासायनिक. मिसळलेलं वेगळं करता येतं, हे मला फार आवडलं. बाटली ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात वर नितळ पाणी होतं, त्याखाली लाल थर आणि तळाशी आमची काळी माती. मी नाचतच आईला बोलावलं. तिने वाकून बघितलं; वरचा लाल थर काढला की खाली आपली माती तशीच आहे, हे तिला दिसलं. तिचा चेहरा इतका मोकळा मी क्वचितच पाहिला होता.

मग उन्हाळाभर आम्ही दोघींनी लाल थर खरवडून पाट्यांनी बांधावर टाकला. आषाढात रोपं तरारली. शेत हिरवंगार दिसू लागलं तशी मी शाळेत ऐटीत चालू लागले. जणू ते मीच पिकवलं होतं!

चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही कणसं आणायला गेलो. कोवळा दाणा नखाने दाबला की पांढरं दूध येतं. आईने एक दाबला, दुसरा दाबला, पलीकडच्या रोपांच्या चुडातला दाबला. दूध कशातूनच आलं नाही. मला रडू फुटलं, रागानेच जास्त. पुढे शाळेत मी बाईंना चिडून विचारलं, की लाल थर वेगळा केला तरी दाणा का भरला नाही. त्या म्हणाल्या की बाटलीत नुसती माती आणि पाणी होतं, शेतात मुळं होती. मुळांपाशी काय झालं ते खरवडून निघत नाही.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, सर्वण गावातल्या मित्राच्या शेतातली चार कणसं आणतो, कुणाला कळणारही नाही. आई कणसांची जुडी बांधत होती. हात न थांबवता तिने उत्तर दिलं.

"पोकळ आसलीं म्हणून किदें जालें? आमच्या शेताचीं मगो तीं."

पोकळ का असेनात, आमच्याच शेतातली ती कणसं तिने दारावर बांधली. वाऱ्यावर ती कोरड्या पानांसारखी वाजत होती. बाबा खाली उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले. पायसात टाकायला नवा दाणा नव्हता, म्हणून आईने दुकानातून विकत आणलेले तांदूळ शिजवले. ते बाबांच्या खाणीच्या पगाराचे होते. आम्ही तिघांनी ते पायस खाल्लं, आणि सण आटोपताच बाबा पहाटे ट्रक घेऊन पुन्हा वर खाणीवर गेले.