पाहुण्यांपुरता गॅस

कॅम्प-१ ह्या कामगारवस्तीतल्या आमच्या गल्लीत उभं राहिलं की पोलादाच्या प्लांटच्या चिमण्या दिसतात. तिकडे मालगाड्या भरभरून कोळसा येतो, अख्ख्या देशाचं लोखंड वितळतं. आणि इकडे माझी आई टोपलीभर कोळशासाठी सायकलवाल्याशी भांडते. "कोळसा देऊन राहिला का दगडं, बे?" असं ती विचारते. तो बिचारा पोती लादलेली सायकल भिंतीला टेकवतो आणि हसतो. त्याला ठाऊक असतं, बाई घेणार.

घेणारच. माझे वडील प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, ठेकेदारीतले मजूर होते. ते गेल्यावर आईनं घरातच खानावळ काढली. जेवणारे सगळे ठेकेदारीतले, बहुतेक भंडारा-गोंदियाकडचे, बायकापोरं गावी ठेवून आलेले. आईकडे ते येतात ते दोनच गोष्टींसाठी: निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि निखाऱ्यावर फुगवलेली भाकर. घर ह्याच्यावर चालतं, दुसरं काही नाही.

सिगडी म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा, आतून मातीनं लिपलेला. ती पेटवायची आमच्या गल्लीची एक रीत आहे. गोवरीचा तुकडा, थोडं मातीचं तेल म्हणजे रॉकेल, वर कोळसा, आणि सिगडी दाराबाहेर. सगळा धूर बाहेर निघून जातो. कोळसा लालबुंद झाला की मग कडी धरून आत आणायची. "धूर गल्लीचा, विस्तव घरचा," आई म्हणते. सकाळी सगळ्या दारांपुढे सिगड्या धुपत असायच्या आणि शाळेत जाणारी पोरं नाक दाबून पळायची. गल्लीला धूर आवडायचा असं नाही, पण गल्लीला विचारतो कोण?

मग सरकारी योजनेतला फुकटातला गॅस आला. आईनं सिलेंडरला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जुन्या साडीची झालर लावून त्याला एक झबलं शिवलं. विश्वकर्मा पूजेला सिगडीसोबत त्यालाही टिळा. देवाशेजारी जागा मिळाली, अजून काय पाहिजे? वापरायचा मात्र फक्त पाहुणे आले की, चहापुरता. माझं लग्न होऊन मी स्मृति नगरला गेले होते. माझ्या ओट्यावर गॅस धडधडा जळायचा आणि आई इकडे खोकायची. मी दर खेपेला तिचं डोकं खायचे, "आई, जेवण गॅसवर कर ना व!"

एकदा केलं तिनं, माझ्या समाधानासाठी. वांगं गॅसवर भाजलं. जेवणाऱ्यांपैकी एकानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "काकू, आज वांगं बिमार होतं काय?" दोघं जण दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या खानावळीत जाऊ लागले. वर गॅस भरून आणायचं संकट ते वेगळंच. आईनं झबलं पुन्हा चढवलं. मीही तो विषय सोडला. दोन माणसं तुटली म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात आमच्या वार्डातल्या नेताजींना गल्ली धूरमुक्त करायची हुक्की आली. आता सुरुवात कुठून करायची, तर सत्कारापासून! एका आदर्श गृहिणीला शाल, श्रीफळ आणि दारावर बोर्ड. त्यांची माणसं घरोघरी सिलेंडर बघत फिरली. ज्या बायांनी इमानदारीनं वापरला होता त्यांच्या सिलेंडरला पोचे आले होते, गंज चढला होता. आमचा मात्र झबल्यातून काढला तर आरशासारखा! "देखो, इसको कहते हैं संभालना," असं म्हणून त्यांनी आईचीच निवड केली. मी हसून हसून बेजार झाले. तेव्हा हसले, हे कबूल करते.

सत्काराच्या दिवशी सिगडी शेजारणीकडे लपवली. फोटोवाला म्हणाला, गॅस पेटवा, वर भांडं ठेवा, आँच मोठी ठेवा. आईनं पातेल्यात पाणी घालून ठेवलं, कारण रिकामं भांडं विस्तवावर ठेवणं वाईट. भाषण संपेपर्यंत ते पाणी उकळत होतं. तो फोटो आजही घरात आहे. नेताजी हसताहेत, मी हसतेय, आणि आई शाल पांघरून उगाच जळणाऱ्या गॅसकडे बघतेय.

जाता जाता नेताजींच्या माणसानं दारावर 'धुआँमुक्त घर'चा बोर्ड ठोकला आणि म्हणाला, "माताजी, अब सिगड़ी दिखी तो सिलेंडर वापस!" सगळे खो खो हसले. त्यानं गंमत केली होती. आईनं तो कायदा समजला.

मला हे कळलं पुष्कळ दिवसांनी. एका सकाळी न सांगतासवरता मी गेले. गल्लीत सगळ्या सिगड्या आरामात धुपत होत्या. शेजाऱ्यांच्या दारावर बोर्ड नव्हता, त्यांना कोणाची भीती? फक्त आमच्या दारापुढे स्वच्छ. मनात म्हटलं, चला, ऐकलं माझं एकदाचं. दार ढकललं तर डोळेच उघडेनात. पार मागे, जिथे आंघोळ करतो त्या न्हाणीत, जिला खिडकी नाही, तिथे आई नाकाला पदर लावून सिगडी फुंकत होती आणि खोकत होती.

"हे काय करून राहिली व?"

"दार लाव आधी! बाहेर धूर दिसन."

माझं टाळकंच फिरलं. मी फडक्यानं कडी धरून ती धुपणारी सिगडी उचलली आणि दाराकडे निघाले. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"ठेव खाली! कोणी पाह्यलं त सिलेंडर वापस नेतीन."

"नेऊ दे! तुले काय कामाचा हाय तो? कधी लावत त नाई. त्याच्यासाठी जीव देशीन काय?"

आई बराच वेळ खोकली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अन् तू आली त चहा कायवर करू?"

मी सिगडी खाली ठेवली. ती तिनं पुन्हा न्हाणीत नेली. हात धुतले, सिलेंडरचं झबलं काढून घडी घातली, गॅस लावला. समोरच्या दाराजवळ, जिथे जरा वारा येतो, तिथे मला खुर्ची दिली.

"आत नको येऊ, तुले धूर लागन. पाव्हण्याले धुरात बसवत नाई."

ह्याच घरात वाढले मी. ह्याच सिगडीवरची भाकर खाऊन. मी कधीपासून पाहुणी झाले, मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि दर खेपेला आल्यावर जो चहा मी बिनदिक्कत ढोसत होते, त्याच्यासाठी ती तो सिलेंडर राखून होती. मला भयंकर राग आला. बोर्डाचा आला, नेताजींचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या चहाचा आला, कारण तो फार छान झाला होता.

जेवणाऱ्यांची वेळ होत आली होती. आईनं गॅस बंद केला, बटणाला हात लावून खात्री केली, झबलं नीट चढवलं आणि न्हाणीचं दार लावून घेतलं. मी खुर्चीत बसून चहा पीत राहिले. आतून वांगं भाजल्याचा वास येत होता आणि मधून मधून खोकला.