बाबांचा लाल टॅग

सुरुवातीलाच सांगतो, भूतखेत मानणाऱ्यांशी मी आजवर भांडतच आलोय. आजही मानत नाही. आणि हे लिहिताना भीती नाही, चीड येतेय.

मी बोरसीत राहतो, घरूनच काम करतो. कामगारांनी कमरेला लावायचा गॅस-अलार्म आमची कंपनी बनवते. त्याच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, मेमरी सांभाळणारं कोड माझ्याकडे. त्या दुपारी बिल्ड अडकला, म्हणजे कोडवरून प्रोग्राम तयार होईना. तो तयार करणाऱ्या कंपायलरचं म्हणणं एकच — डेटा ठरलेल्या जागेत मावत नाही. डेटा मावतो का बघणारी ही तपासणी मीच लिहिलेली. डेटा बाहेर सांडला तर शेजारची मेमरी बिघडते, आणि अलार्म ऐनवेळी मुका होऊ शकतो...

मॅनेजरचा फोन आला. "चेक हटा दो यार. शाम तक बिल्ड चाहिए, बस."

डोकं सणकलं. तरी हटवली. बिल्ड सुरू केला आणि स्वयंपाकघरात आईसमोर चहा घेत बसलो, त्या माणसाला शिव्या देत.

दहा मिनिटांनी परत आलो तर कॉम्प्युटर बंद. प्लग काढलेला, आणि वायरीला लाल टॅग बांधलेला.

बाबा इथल्याच कारखान्यात, प्लांटमध्ये, इलेक्ट्रिशियन होते. दुरुस्तीआधी लाइन बंद करून, कुणी ती मध्येच सुरू करू नये म्हणून, स्वतःच्या नावाचा असाच लाल टॅग लावायचे. "ज्यानं लावला त्यानंच काढाचा," म्हणायचे, "मंग साहेब म्हणो का मंत्री." त्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांचे टॅग पेटीत, कुलपात.

मी आईवरच ओरडलो, "तू बांधला?"

"मले कावून बोलून राहिला? मी तं तुह्यासमोरच बसली होती. पेटीची चाबी माह्या गळ्यात हाय."

तिने टॅग उलटून पाहिला. नाव बाबांचं, अक्षर बाबांचं, तारीख त्याच दिवशीची. मग हळूच म्हणाली, "माह्यासाठी काई नाई लिवलं?"

तिथे माझा तोल गेला. वर्षभर ही बाई रोज सकाळी त्यांच्या फोटोपुढे चहा ठेवते. तिला एक खूण नाही, आणि माझी चोरी पकडायला मात्र बाबा हजर!

लॅपटॉपवर बसलो, तपासणी परत टाकली, डेटाच कमी केला. बिल्ड दुसऱ्या दिवशी कंपनीला गेला. मॅनेजर अजून धड बोलत नाही. नको बोलू.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. घरात आम्ही दोघंच. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. टॅग वायरीला तसाच आहे, मी हात लावणार नाही. लावणाऱ्यानेच काढायचा असतो ना... मग यावं त्यांनी.

आई हल्ली दुपारभर कॉम्प्युटरच्या खोलीत, त्या टॅगसमोर बसून असते.